जुने प्रोग्रॅम न मोडता कर्नलमध्ये नवं काही घालायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: एका उपकरणासाठी लिनक्सवर बेतलेला स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, सांभाळणारी टीम आहे. त्यांना एका सिस्टम कॉलला (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागणीला) दोन नवे फ्लॅग, म्हणजे एकेका बिटाच्या खुणा, द्यायचे आहेत आणि ड्रायव्हरच्या एका आयऑक्टलचं (ड्रायव्हरला थेट दिलेल्या खास आज्ञेचं) स्ट्रक्चर, म्हणजे तिच्यासोबत जाणारा माहितीचा साचा, वाढवायचं आहे. त्यावर चालणारे काही प्रोग्रॅम दहा वर्षांपूर्वीचे आहेत, दोघांचा तर सोर्स कोडही हाताशी नाही. ते न मोडता हे कसं जमवायचं? प्रोग्रॅमने कर्नलचा आवृत्ती क्रमांक बघून ठरवावं, असं सांगितलं तर भागेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही भागणार. कारण पुढे सांगतो. त्याआधी ‘मोडणं’ म्हणजे काय, हे नक्की करू, कारण टीममधले निम्मे वाद तिथेच होतात.

कोणी म्हणतं, ‘मॅन्युअलमध्ये असं कुठे लिहिलंय? त्या प्रोग्रॅमनेच चुकीचं गृहीत धरलं.’ खरं असेल, पण उपयोग नाही. लिनक्समध्ये हा नियम वर्षानुवर्षं पाळला जातो आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एका ड्रायव्हरच्या बदललेल्या एरर कोडवरून तो चांगलाच कडक शब्दांत पुन्हा सांगितला: कर्नल बदलल्यामुळे युजरस्पेसमधला, म्हणजे कर्नलबाहेरचा, चालता प्रोग्रॅम बंद पडला, तर दोष कर्नलचा. प्रोग्रॅम मूर्खासारखा लिहिलेला असला तरीही. करार कागदावर नसतो. प्रोग्रॅम ज्याच्यावर विसंबला, तो करार.

हे किती टोकाला जातं त्याचं २०१९ चं उदाहरण मला फार आवडतं. ५.३ आवृत्ती बाहेर पडायच्या बेतात होती. एक्सटी४ फाइल सिस्टममध्ये एक साधी सुधारणा आली होती: डिस्कवरची वाचनं एकत्र करायची, म्हणजे बूटच्या वेळी फेऱ्या कमी. सुधारणा बरोबर होती, वेग वाढत होता. पण फेऱ्या कमी म्हणजे डिस्कचे इंटरप्ट (काम झाल्याचे इशारे) कमी, आणि कर्नल यादृच्छिक आकड्यांसाठीचा कच्चा माल त्याच इंटरप्टांच्या वेळांमधून गोळा करत होता. परिणाम असा की काही मशीनवर बूट होताना एक प्रोग्रॅम यादृच्छिक आकडे मागायचा आणि ते मिळेपर्यंत थांबून राहायचा. डिस्क शांत, त्यामुळे माल जमत नाही. माल जमत नाही म्हणून बूट पुढे सरकत नाही. फाइल सिस्टमचा कोड निर्दोष होता, तरी रिलीजच्या तोंडावर तीच सुधारणा मागे घेतली गेली. ५.४ मध्ये कर्नल गरज पडल्यास हा माल स्वतःच तयार करायला शिकला, मग ती सुधारणा परत आली. क्रम लक्षात घ्या: आधी मागे घ्या, मग दुरुस्त करा, मग पुन्हा आणा.

आता तुमच्या फ्लॅगांकडे येऊ. इथे पहिला प्रश्न तुमच्या नव्या कोडबद्दलचा नाही, जुन्या कोडबद्दलचा आहे: आजचा कर्नल ओळख नसलेला बिट आला तर काय करतो? नाकारतो की दुर्लक्ष करतो?

फाइल उघडणारा जुना ओपन कॉल दुर्लक्ष करतो. ही यातली मूळ चूक, आणि ती आता सुधारता येत नाही, कारण कचरा बिट पाठवणारे प्रोग्रॅम जगात आहेत आणि ते आज चालतात. उद्या तुम्ही नाकारायला लागलात तर ते मोडतील. आणि न नाकारता त्या बिटला अर्थ दिलात, तर ज्या प्रोग्रॅमने तो चुकून लावलाय त्याला न मागितलेलं वागणं मिळेल. शिवाय उलट बाजूही आहे: नवा प्रोग्रॅम जुन्या कर्नलवर गेला, तर फ्लॅग गपचूप गिळला जातो आणि प्रोग्रॅमला वाटतं काम झालं. फ्लॅग सुरक्षेचा असेल तर ही सरळ भगदाडच.

या कोंडीतून लोकांनी काढलेल्या वाटा बघण्यासारख्या आहेत. २०१३ मध्ये ३.११ आवृत्तीत ओपनला निनावी तात्पुरती फाइल बनवणारा फ्लॅग मिळाला. जुने कर्नल नवा बिट गिळणार, हे माहीत होतं. म्हणून त्या फ्लॅगच्या व्याख्येतच ‘ही डिरेक्टरी असली पाहिजे’ हा जुना बिट मिसळला आणि लिहिण्याची परवानगी मागणं सक्तीचं केलं. जुन्या कर्नलला दिसतं ते एवढंच: कोणीतरी डिरेक्टरी लिहिण्यासाठी उघडतोय. त्याला तो आधीपासूनच नकार देत आलाय. नव्या कर्नलला नवा बिट दिसतो आणि तो काम करतो. जुन्या कोडला हात न लावता त्याच्याकडून ‘नाही’ वदवून घेतलं! मेमरीचा पट्टा मागणाऱ्या एम-मॅप कॉलच्या बाबतीत असली पळवाट मिळाली नाही, तिथे ४.१५ मध्ये ‘शेअर्ड’ या प्रकाराचं एक नवं रूप आणलं, जे शेअर्डसारखंच वागतं पण अनोळखी फ्लॅग दिसला की नकार देतं. ओपनच्या घराण्यात शेवटी २०२० मध्ये ५.६ बरोबर ओपनॲट२ हा वेगळाच कॉल आला, पहिल्या दिवसापासून अनोळखी बिट नाकारणारा.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. मी शिकलो ते असं.

मोजमाप करणाऱ्या एका कार्डाचा ड्रायव्हर मी लिहिला होता. आयऑक्टलच्या स्ट्रक्चरमध्ये पुढच्या सोयीसाठी ३२ बिटांचं एक ‘राखीव’ फील्ड ठेवलं. कॉमेंटही लिहिली: हे शून्य ठेवावं. तपासलं मात्र नाही. शहाण्या माणसाने शून्य ठेवलंच असणार, असं वाटलं. दोन वर्षांनी त्याच्या शून्याव्या बिटला अर्थ दिला: तो लावला असेल तर बफर पूर्ण भरेपर्यंत थांबायचं. नवा ड्रायव्हर बाहेर गेला आणि तक्रार आली की जुना प्रोग्रॅम कधी नीट चालतो, कधी सुरू होताच लटकतो. बंद करून पुन्हा चालू केला की साधारण निम्म्या वेळा सुधारतो. ही ‘निम्म्या वेळा’वाली तक्रार ऐकून मी आधी हार्डवेअरवर संशय घेतला, लॉकिंगवर घेतला, केबलसुद्धा बदलायला लावली.

शेवटी त्या राखीव फील्डमध्ये काय येतं ते छापून बघितलं. चारच आकडे आलटून पालटून येत होते: ३२७६४, ३२७६५, ३२७६६, ३२७६७. सम आकडा आला की प्रोग्रॅम चालतो, विषम आला की लटकतो.

हे आकडे ६४ बिटी इंटेल-एएमडीवर काम करणाऱ्याने पाठच करून ठेवावेत. लिनक्समध्ये प्रोग्रॅमचा स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती जागा) ४७ बिटी पत्त्यांच्या अगदी वरच्या टोकाला असतो, आणि त्याची जागा दर वेळी सुमारे १६ जीबीच्या पट्ट्यात कुठेतरी यादृच्छिकपणे ठरते. १६ जीबी म्हणजे ४ जीबीचे चार तुकडे, म्हणून स्टॅकवरच्या कुठल्याही पत्त्याचा वरचा अर्धा भाग या चारांपैकी एक आकडा असतो. त्या प्रोग्रॅमने स्ट्रक्चर स्टॅकवर ठेवलं होतं, शून्याने पुसलं नव्हतं, आणि माझं राखीव फील्ड नेमकं आधीच्या कुठल्याशा फंक्शनने टाकून दिलेल्या पॉइंटरच्या (साठवलेल्या पत्त्याच्या) वरच्या अर्ध्यावर पडत होतं. म्हणजे माझा नवा फ्लॅग लावायचा की नाही, हे कर्नलचीच पत्ते विस्कटण्याची यंत्रणा नाणं उडवून ठरवत होती.

ते फील्ड मेलं ते मेलंच. त्यातला एकही बिट आता कशालाही वापरता येत नाही. नवा आयऑक्टल क्रमांक घेतला, नवं स्ट्रक्चर केलं आणि त्यात पहिल्याच ओळीत तपासणी: अनोळखी बिट असेल, राखीव फील्ड शून्य नसेल, की ताबडतोब इनव्हॅल, म्हणजे ‘हे मागणं वैध नाही’. तपासणी नसलेलं राखीव फील्ड राखीव नसतं, ती फक्त वाया घालवलेली जागा असते.

तेव्हा तुमच्या सिस्टम कॉलचा जुना कोड उघडा. अनोळखी बिट आधीपासून नाकारत असेल, तर तुमचं नशीब चांगलं. नवे फ्लॅग खुशाल घाला. नसेल, तर त्या कॉलला हात लावू नका, शेजारी नवा कॉल काढा. डुप३, पाइप२, ॲक्सेप्ट४ अशी आकडे लावलेली नावं दिसतात ना, त्यातली बहुतेक अशाच एका अडचणीतून जन्मली: मूळ कॉलमध्ये फ्लॅगला जागाच ठेवली नव्हती.

नव्या कॉलला स्ट्रक्चर द्यायचं ठरवलं, तर त्याचा आकारही कॉलबरोबर मागा. ओपनॲट२ आणि नवे प्रोसेस-थ्रेड बनवणारा क्लोन३ हेच करतात, आणि लिनक्समध्ये त्यासाठी तयार मदतनीस फंक्शनही आहे. मग तीन शक्यता उरतात. दोघांचा आकार सारखा: प्रश्नच नाही. प्रोग्रॅम जुना, त्याचं स्ट्रक्चर लहान: उरलेली जागा कर्नल शून्याने भरतो, आणि शून्याचा अर्थ ‘पूर्वी होतं तसंच’ असा ठेवायची जबाबदारी तुमची. (हे विसरू नका. मी असं डिझाइन पाहिलंय जिथे नव्या फील्डमध्ये शून्य म्हणजे ‘मर्यादा शून्य’. जुना प्रोग्रॅम पहिल्याच कॉलला आडवा.) तिसरी शक्यता, प्रोग्रॅम नवा आणि कर्नल जुना: जास्तीच्या भागात सगळी शून्यं असतील तर नव्या सोयीची मागणीच नाही, काम करून टाका, एक जरी बिट लागलेला असेल तर ‘फार मोठं’ हा एरर परत द्या. विंडोजच्या कॉलमध्ये स्ट्रक्चरचं पहिलं फील्ड बऱ्याचदा स्वतःचा आकार असतं, तेही याच विचारातून आलेलं.

आयऑक्टलमध्ये आकार वेगळा मागायची गरज सहसा पडत नाही, कारण नेहमीच्या मॅक्रोने बनवलेल्या आयऑक्टल क्रमांकात स्ट्रक्चरचा आकार आधीच गुंफलेला असतो. स्ट्रक्चर वाढवलं की क्रमांक आपोआप बदलतो. जुना क्रमांक आणि जुनं स्ट्रक्चर दुसऱ्या नावाने कोडमध्ये ठेवा, दोन्ही केस हाताळा, झालं. पण हीच गोष्ट एका ठिकाणी गोत्यात आणते: ३२ बिटांच्या फील्डपाठोपाठ ६४ बिटांचं फील्ड ठेवलं, तर जुन्या ३२ बिटी इंटेलवर स्ट्रक्चर १२ बाइटचं होतं आणि ६४ बिटीवर १६ बाइटचं, कारण मधे चार बाइट रिकामे सोडले जातात. मग ६४ बिटी कर्नलवर ३२ बिटी प्रोग्रॅम चालवला की त्याचा आयऑक्टल क्रमांकच कर्नलला अनोळखी. म्हणून मधली रिकामी जागा स्वतः नाव देऊन लिहा, ती शून्य आहे का तपासा, आणि पॉइंटरसुद्धा ६४ बिटी आकडा म्हणून पाठवा.

आता नकार कसा द्यायचा. नकारातही भाषा असते, आणि ती चुकली की काय होतं ते २०२१ मध्ये बऱ्याच लोकांनी अनुभवलं. सी लायब्ररीच्या २.३४ आवृत्तीने थ्रेड बनवायला नवा क्लोन३ कॉल वापरायला सुरुवात केली. सोय चोख होती: कर्नलने एनोसिस, म्हणजे ‘असा कॉलच माझ्याकडे नाही’ म्हटलं, तर गुपचूप जुना क्लोन वापरायचा. पण कंटेनरभोवती (वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमांभोवती) सिस्टम कॉल गाळणारी जी चाळणी असते, ती यादीत नसलेल्या कॉलला ईपर्म, म्हणजे ‘परवानगी नाही’ असं उत्तर देत होती. लायब्ररीने ते शब्दशः घेतलं. परवानगी नाही म्हणजे जुना कॉल करूनही फायदा नाही, असं धरून तिने हात टेकले. कर्नल क्लोन३ जाणत होता, लायब्ररी जाणत होती, मधला द्वारपाल चुकीचा शब्द बोलला आणि नव्या वितरणाच्या (लिनक्सच्या तयार संचाच्या) कंटेनरमध्ये थ्रेड बनेनासे झाले. चाळणीचं उत्तर एनोसिस करणं, हाच उपाय ठरला. तुमच्या उपकरणात असली चाळणी असेल तर नवा कॉल घालायच्या आधी तिचं उत्तर तपासा.

आणि इथेच आवृत्ती क्रमांकाचा मुद्दा येतो. क्रमांक खोटं बोलतो. वितरणं जुन्या क्रमांकाच्या कर्नलमध्ये नव्या सोयी मागे नेऊन बसवतात. चाळणी सोयी काढून घेते. कॉन्फिगरेशनमध्ये सोय बंद असू शकते. त्यात क्रमांक वाचणारे प्रोग्रॅम तो नीट वाचत नाहीत. २०११ मध्ये लिनक्स २.६ वरून ३.० वर गेला, तेव्हा क्रमांक ‘२.६’ने सुरू होतो असं धरून चाललेले प्रोग्रॅम अडखळले, आणि कर्नलमध्ये खास खोटं बोलण्याची सोय करावी लागली: ती लावली की ३.० स्वतःला २.६.४० म्हणवून घेतो. विंडोजने ८.१ पासून तर सरसकटच केलं. नव्या आवृत्तीची ओळख आहे असं ज्या प्रोग्रॅमने आपल्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहिती फाइलमध्ये) लिहिलेलं नाही, त्याला विंडोज ८ चाच क्रमांक सांगितला जातो. म्हणून प्रोग्रॅमने क्रमांक विचारू नये, काम मागावं. मिळालं तर मिळालं, एनोसिस किंवा इनव्हॅल आलं तर जुन्या वाटेने जावं. तुमच्या बाजूने एवढंच करायचं की हा नकार लगेच, स्वच्छ आणि काहीही अर्धवट न करता मिळावा.

फ्लॅग आणि स्ट्रक्चरच्या पलीकडेही एक जात आहे, जिथे कॉल तोच, एरर तोच, फक्त उत्तराचा आवाका वाढतो. ती जास्त फसवी. २०१७ मध्ये ४.१४ ने पाच पातळ्यांची पेज टेबलं (मेमरीच्या पत्त्यांचे तक्ते) आणली आणि प्रोग्रॅमची पत्त्यांची जागा १२८ टेराबाइटवरून ६४ पेटाबाइटवर गेली. फुकटची देणगी, वाटायला हरकत नाही. पण जावास्क्रिप्टची इंजिनं आणि असे बरेच प्रोग्रॅम पॉइंटरचे वरचे ‘न वापरलेले’ बिट स्वतःच्या खुणांसाठी वापरतात. म्हणून लिनक्स आपणहून ४७ बिटांच्या वरचा पत्ता देत नाही. एम-मॅप करताना प्रोग्रॅमने स्वतः त्याहून वरचा पत्ता सुचवला, तरच वरची जागा उघडते. विंडोजने ३२ बिटी प्रोग्रॅमांना २ जीबीच्या वरचे पत्ते देताना हेच केलं: एक्झिक्युटेबल फाइलमध्ये ‘मला मोठे पत्ते कळतात’ अशी खूण असेल तरच. तुमच्या नव्या सोयीने कुठलाही परत येणारा आकडा आजवर न दिसलेल्या आकाराचा होणार असेल, तर मागितल्याशिवाय देऊ नका.

जुने कॉल जिवंत ठेवण्याचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नसतो. ३२ बिटी इंटेलवर फाइलची माहिती देणाऱ्या स्टॅट कॉलच्या तीन पिढ्या एका घरात नांदतात: आतलं काम एकच फंक्शन करतं, बाहेर प्रत्येक पिढीसाठी उत्तर तिच्या मापात बसवणारं पातळ वेष्टन. मापात बसलं नाही, उदाहरणार्थ इनोड क्रमांक (फाइलचा ओळख क्रमांक) ३२ बिटांत मावला नाही, तर वेष्टनाने ओव्हरफ्लोचा एरर द्यायचा. आकडा कापून अर्धवट देऊ नये. कापलेला इनोड क्रमांक मिळालेला बॅकअप प्रोग्रॅम दोन वेगळ्या फाइली एकच समजू शकतो, आणि ते कळतं ते बॅकअप परत आणताना.

काही वेळा मोडावंच लागतं, बहुतेकदा सुरक्षेसाठी. ६४ बिटी इंटेलवर पूर्वी वेळ विचारण्याचा कोड दर प्रोग्रॅममध्ये एकाच ठरलेल्या पत्त्यावर असायचा. हल्लेखोराला आयतं कोलीत. तो पत्ता काढून टाकला असता तर जुने स्टॅटिक प्रोग्रॅम (लायब्ररी पोटातच घेऊन बनवलेले) मोडले असते. म्हणून २०११ मध्ये तिथला चालणारा कोड काढला. त्या पत्त्यावर कोणी उडी मारली की फॉल्ट होतो, कर्नल तो पकडतो आणि उत्तर स्वतः देतो. जुना प्रोग्रॅम हळू झाला, मेला नाही. आणि ज्यांना तेही नको, त्यांच्यासाठी बूटच्या वेळी पूर्ण बंद करायचा पर्याय ठेवला. तो पर्याय लावलेल्या मशीनवर २०१० च्या आसपासच्या वितरणाचा कंटेनर चालवून बघा. शेलसुद्धा सुरू होताना सेगमेंटेशन फॉल्ट देतो आणि लोक तासन्‌तास इमेजला दोष देत बसतात.

तपासणीसाठी एकच आग्रह: जुने प्रोग्रॅम सोर्समधून पुन्हा बनवून चाचणी करू नका. पुन्हा बनवताना नवी हेडर फाइल येते, स्ट्रक्चर नव्या मापाचं होतं आणि तुम्ही नव्याचीच नव्याशी गाठ घालून देता. दहा वर्षांपूर्वीची बायनरी, तिच्या काळातल्या लायब्ररीसकट, जशीच्या तशी जपा आणि दर बिल्डवर ती चालवा. सोर्स हरवलेले ते दोन प्रोग्रॅम या कामाला सगळ्यात चांगले. त्यांना पुन्हा बनवायचा मोहच होणार नाही. बदल करायच्या आधी आजच्या कर्नलवर ते एस-ट्रेस (सिस्टम कॉल दाखवणारं साधन) लावून चालवा, आयऑक्टलचं स्ट्रक्चर ड्रायव्हरमध्येच छापा, आणि तुमच्या कॉलला व आयऑक्टलला ते नेमके कोणते बिट पाठवतात ते नोंदवून ठेवा. एकदा चालवून थांबू नका, पन्नास वेळा चालवा. आणि त्या नोंदीत कुठे ३२७६५ दिसला, तर ते फील्ड सोडून द्या.